मोराची तीट

प्रेक्षकांच्या सज्जात शिरताच बाबली मेस्त्रींनी मान वर केली. संसदेच्या सभागृहात, छताखाली, त्यांनी स्वतः सागवानात कोरलेला मोर पिसारा फुलवून उभा होता. पण पिसारा नीट दिसायच्या आधीच त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तो कोरा डोळा राहिलाय का हो?" बायकोने हळूच विचारलं.

मेस्त्रींच्या घराण्यात कुठलंही काम पुरं कोरत नसत. दृष्ट लागू नये म्हणून एखादी जागा कोरी सोडायची, बाळाच्या गालाला तीट लावतात तशी. म्हणून मोराच्या एका पिसातला डोळा त्यांनी कोरलाच नव्हता. बांधकामाचे मोठे साहेब तेव्हा भडकले होते. "देशाच्या कामात असली खुळं चालायची नाहीत. दुसऱ्याकडून पुरं करून घेतो!"

मेस्त्रींना बघायचा धीर होईना. ते नुसता चष्मा पुसत राहिले. इतक्यात माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "डावीकडचं तिसरं पीस बघा, कोरं आहे. ते भरायला कारागीरसुद्धा बोलावला होता. पण त्याच आठवड्यात साहेबांना नात झाली. तिच्या गालावरची तीट बघितली आणि त्यांनी कारागिराला परत पाठवलं."

मेस्त्रींची बायको सज्जाच्या कठड्यापाशी गेली. तिने दुरूनच दोन्ही हात मोरावरून ओवाळून कानशिलांवर टेकवले आणि बोटं अशी कडाकडा मोडली की रिकामं सभागृह घुमलं. दारातला पहारेकरी 'शांत राहा' म्हणायला धावत आला, आणि तिच्यापुढे आपलंही डोकं वाकवून उभा राहिला.