मागची खोली

आईला शिवणकामाचं दुकान काढायचं होतं आणि बँकेत द्यायचा व्यवसायाचा आराखडा लेक लॅपटॉपवर टाईप करत होती. आई एकेक गोष्ट तोलूनमापून सांगत होती. दोन मशिनी, इस्त्री, कापायचं टेबल, उभा आरसा. गाळा तिने बघून ठेवला होता; लहान असला तरी चालेल, पण त्याच्या मागची खोली सोबत हवीच.

"मागे काय ठेवणार?"

"एक खाट. छोटी शेगडी."

"धंदा करणार आहेस की झोपा काढणार आहेस?" लेक म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पलीकडच्या खोलीतून बाबांनी आवाज दिला, "पाटी मोठी करा गं. आपलं आडनाव लांबून दिसलं पाहिजे."

शेवटचा रकाना मालकाच्या राहत्या पत्त्याचा होता. त्यात काय विचारायचं, म्हणून लेकीने घरचा पत्ता टाकून दिला.

आईने चष्मा सारखा करत तो वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा काढ. इथेही दुकानाचाच घाल."

लेकीने वर जाऊन खाट आणि शेगडीची ओळ पुन्हा वाचली.

"झालं का गं सगळं लिहून?" बाबांनी विचारलं.

"होत आलंय," आई म्हणाली. "पत्ता तेवढा राहिलाय."