समोरचा पाट

खर्ड्याच्या केशरबाईंच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित करायला अंगदने कॅमेरा धरणारा रोबोटचा हात आणला होता. चेहरा दिसला की पडद्यावर त्याभोवती हिरवी चौकट उमटे आणि हात त्याच्यामागे वळे.

जात्यापलीकडे रिकामा पाट होता. जागा मोकळी बरी दिसेल, म्हणून अंगदने तो उचलला.

“ऱ्हाऊ दे, बाबा. माज्या जावेचा हाय. दुसरी ओवी तिची.”

“मावशी, त्या वारल्या ना?”

“व्हय. म्हणून काय तिनं उभ्यानं दळावं?”

पहिली ओवी गाऊन केशरबाई थांबल्या. रोबोटचा हात समोर वळला, बसल्या माणसाइतका वाकला. रिकाम्या जागी चौकट उमटली. मग ती सावकाश वर सरकली, अंगण ओलांडून अंगदकडे आली; हातही तिच्यामागे वळला.

पाट अजून त्याच्या काखेत होता. पडद्यावर आता दोन चौकटी होत्या, एकमेकींना चिकटून.