मान वर करणारा सांगाडा

हार्लन महिनाभर गॅरेजमध्ये तारांत डोकं खुपसून बसला होता. यंदा एकतीस तारखेच्या हॅलोविनला त्याचा सांगाडा ओट्यावर नुसता बसून राहणार नव्हता. गोळ्या-चॉकलेटं मागायला पोरं पायऱ्या चढली, की सेन्सरला कळणार, भंगारातून आणलेली वायपरची मोटर फिरणार, आणि सांगाडा मान वर करून तोंडातून धूर सोडणार.

पण तीन दिवस झाले, सेन्सरचं तोंड पायऱ्यांकडून फिरून भलतीकडेच, गाडी लावायच्या जागेकडे वळलेलं सापडत होतं. हार्लनने स्क्रू आवळले, सेन्सर धरणारी पट्टी बदलली, शेजाऱ्यांच्या मांजराला शिव्या घालून झाल्या. डोकंच चालेना.

चौथ्या दिवशी सकाळी तो पक्कड शोधत ओट्यावर आला, तर कामावर निघालेली त्याची बायको डोरीन स्क्रूड्रायव्हर घेऊन सेन्सरपाशी वाकलेली.

"अगं, तू? त्याने पोरांकडे बघायचंय, गाडीकडे नाही!"

"बघेल की एकतीस तारखेला," डोरीन स्क्रू पिळत म्हणाली. "तोवर मी कामावरून आले, की या घरात एक जण तरी मान वर करून बघू दे."