सप्टेंबरची चाचणी

हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज मार्ला निएमीला रिंकच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. तिनं शिट्टी फुंकायच्या आत ब्रिन आणि एस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या. दोघीही हसत होत्या. तेच तिला आवडलं नाही.

गुरुवारचा सराव तिथंच थांबला. शनिवारी दुपारी हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकला तर उत्तर मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजचा मुलींचा आइस हॉकी संघ बाद फेरीत जाणार आणि मार्ला आणखी तीन वर्षं हेड कोच राहणार. हरला तर अठरा वर्षांचं सामान खोक्यात भरायचं. क्रीडाप्रमुखांनी हे तिला कॉफी पाजून, फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

संघाच्या फिजिओनं, डगनं, दोघींना संगणकासमोर बसवलं. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, रंग दिसला की बटण दाबायचं. ही चाचणी सप्टेंबरमध्ये सगळ्याच मुली देतात. डोक्याला मार बसला की पुन्हा द्यायची आणि आकडे ताडून पाहायचे. दोघींचेही आकडे सप्टेंबरइतकेच आले. शुक्रवारी चक्कर नाही, मळमळ नाही. डॉक्टरांनी सही केली.

"दोघी मोकळ्या," डग म्हणाला. "आता तू पण जरा श्वास घे."

पण सप्टेंबरमध्ये मुली काय करतात ते मार्लाला माहीत होतं. आठवत असलेले शब्द मुद्दाम विसरतात, बटण उशिरा दाबतात. म्हणजे पुढं डोकं खरोखर बधिर झालं तरी आकडे जुळतात आणि खेळायला मिळतं. नऊ वर्षांपूर्वी संघातल्या पेट्रानं तेच केलं होतं. कागद स्वच्छ होता म्हणून मार्लानं तिला उतरवलं, आणि त्याच सामन्यात तिला दुसरा धक्का बसला. पेट्राला आता उजेड सोसत नाही, ती पडदे ओढलेल्या खोलीत राहते. नाताळला तिच्या आईचं कार्ड येतं. त्यात तक्रारीचा एक शब्द नसतो. मार्ला ते उभ्याउभ्याच वाचते.

तेव्हापासून तिनं एक ठरवलं होतं. शंका असली तर मुलगी बर्फावर जाणार नाही. सामना कुठलाही असो.

आणि शंका ब्रिनची होती. संघाचे निम्मे गोल तिचे. शनिवारी तिला बघायला राष्ट्रीय संघाची निवड करणाऱ्या बाई येणार होत्या. मागच्या हंगामात मोडक्या बोटानं ती पाच सामने खेळली होती, कुणाला पत्ता लागू न देता.

एस्टरची गोष्ट वेगळी. पाद्र्याची मुलगी, तीन वर्षं बहुतेक बाकावरच बसलेली. गेल्या वर्षी एकदा पंचांनी तिला गोल दिला, तर ही घसरत त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, काठीनं नाही, माझ्या पायानं ढकलला गेला. सामना हातचा गेला. मुलींनी आठवडाभर तिला 'संत एस्टर' म्हणून छळलं. मार्लानं मात्र घरी जाऊन बहिणीला फोनवर सांगितलं होतं की मला मुलगी असती तर अशीच हवी होती.

शनिवारी सकाळी तिनं ब्रिनला ऑफिसात बोलावलं.

"तू आज बसणार आहेस."

"आकडे बरोबर आहेत, कोच."

"सप्टेंबरमध्ये मुद्दाम किती चुका केल्यास?"

"एकही नाही. मला त्या चाचणीतसुद्धा पहिलं यायचं होतं." तिचे डोळे भरले, पण आवाजातला फणकारा गेला नाही. "आणि एस्टर? तिचं डोकं काय उशीचं होतं?"

"एस्टर खोटं बोलत नाही."

ब्रिननं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "संघ तुमचा आहे," एवढंच म्हणून ती उठली.

डगनंही वाद घातला. एवढ्या मोठ्या सामन्यात तू घाबरून निर्णय घेतेयस, म्हणाला.

"घाबरूनच घेतेय," मार्ला म्हणाली. "धीटपणे एकदा घेऊन बघितलाय."

ब्रिनच्या जागी, पहिल्या फळीत, एस्टर उतरली. पहिल्याच बदलीला, बर्फावरून परत येताना, ती चुकून पाहुण्यांच्या बाकाकडे वळली. मुली खिदळल्या. मार्लालाही हसू आलं. पहिल्या फळीची सवय कुठं होती तिला. साधं जाकीट घालून बाकाच्या टोकाला बसलेली ब्रिन तेवढी हसली नाही.

दुसऱ्या सत्रात पाहुण्यांनी गोल केला. तिसऱ्यात एस्टर कडेच्या फळ्यांवर आदळली, क्षणभर वाकून राहिली, मग उठून बाकाकडे हात उंचावला. लगेच बरोबरी झाली. चार मिनिटं उरली असताना जाळीमागून सुटलेली चकती एस्टरच्या काठीपाशी आली आणि तिनं ती नुसती आत सारली.

दोन विरुद्ध एक. क्रीडाप्रमुख गर्दीतून वाट काढत आले, मार्लाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की सोमवारी या, कागद तयार ठेवतो. निवड करणाऱ्या बाई कधीच निघून गेल्या होत्या. ब्रिन कुठं दिसली नाही. मार्लानं स्वतःला समजावलं की मुलगी आज रुसेल, उद्या उजेडात डोळे उघडून रुसेल.

मुली बाहेर आईबापांच्या गळ्यात पडत होत्या. कपडे बदलायच्या खोलीत एस्टर एकटीच होती. अंगावर सगळा साज तसाच, खाली वाकून स्केटच्या नाड्या आवळत होती. मार्ला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं तिच्या कपाळावरची ओली बट मागं सारली.

एस्टरनं मान वर केली. दर शनिवारी करायची तशी, अदबीनं.

"कोच," तिनं हळूच विचारलं, "आज मला थोडा वेळ तरी उतरवाल का?"