आपण म्हणायचं

"नव्या मुलींना ग्रुपमध्ये ओढताना 'आम्ही' म्हणायचं नाही, 'आपण' म्हणायचं," वृंदाताईने जिन्यातच बजावलं. "'आपण' म्हटलं की पोरींची 'नाही' म्हणायला जीभच रेटत नाही."

शलाकाला हे कुणी शिकवायला नको होतं. गेल्या वर्षी हॉस्टेलच्या याच जिन्यात "आपण सगळ्या एका ताटात जेवू गं" ऐकून ती विरघळली. तेव्हापासून ग्रुपमधल्या ताईंचे कपडे धुवायचे, घरी जायचं तरी त्यांना विचारून.

वरच्या खोलीत नवी मुलगी अजून गादीची सुतळी सोडत होती. दोघींना पाहून तिने घाईघाईने लाडवांचा डबा पुढे केला. वृंदाताईने शलाकाला कोपराने ढोसलं.

"आमचा एक ग्रुप आहे," शलाका म्हणाली. "आम्ही एकत्र जेवतो, एकत्र फिरतो. तू नाही आलीस तरी आमचं काही म्हणणं नाही."

"मग राहू दे, ताई," मुलगी मोकळेपणाने हसली. "मला एकटं राहायला आवडतं."

शलाकालाही सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. वृंदाताईने तिच्या खांद्यावर हात टाकला. आवाजात नुसती साखर होती.

"चल गं शलाका, माझ्या खोलीत जाऊन बोलू आपण."