भूमिकांची अदलाबदल

सरांनी मनगटावरील घड्याळ काढून टेबलावर ठेवले, दाराची कडी लावली आणि मगच पैलवानाच्या पोटात गुद्दा घातला.

कोणीतरी टाळी वाजवली. कारण हे प्रशिक्षण होते. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी झटणाऱ्या लहानसहान संस्थांना आधार देणारे एक केंद्र होते. त्या केंद्राच्या सभागृहात आज भूमिकांची अदलाबदल चालली होती. मुंगीलाही न दुखावणारा सज्जन अशी ख्याती असलेले संस्थाचालक सर मारकुटा नवरा झाले होते. हाणामारीपायी शिक्षा भोगून आलेला पैलवान खांद्यावर शाल घेऊन त्यांची बायको झाला होता. प्रशिक्षक ताईंनी नियम एकच सांगितला होता. ‘पुरे’ म्हणताच खेळ थांबवायचा; परंतु तो शब्द मार खाणाऱ्यानेच उच्चारायचा, इतरांनी नव्हे.

पैलवानाला तो शब्द परवडणारा नव्हता. सरांच्या संस्थेत त्याला नोकरी मिळायची होती. सरांनी सकाळीच बजावले होते, "हात उचललास किंवा कच खाल्लीस, तर कामाचं विसर."

"जेवण गार का?" सरांनी अगदी हळू आवाजात विचारले.

"अहो, गरम करते की लगेच!" पैलवान नाजूक स्वरात उत्तरला. सभागृह खदखदून हसले.

"चार लोकांत माझं हसं करतेस?"

सरांनी त्याचे केस मुठीत धरून त्याला खाली पाडले आणि ते त्याला बुटाने तुडवू लागले. हशा विरून गेला. चेहऱ्यावर एकही प्रहार पडला नाही. पाठ, बरगड्या, मांड्या. जे जे वस्त्राखाली झाकले जाते, तेथेच. पैलवानाने आयुष्यात पुष्कळ मार दिला होता, पुष्कळ खाल्लाही होता. परंतु इतका नीटनेटका मार त्याने कधी पाहिला नव्हता.

फरशीवरून त्याला खुर्च्यांच्या फटीतून मागची रांग दिसली. तेथे सरांच्या पत्नी, सर्वांच्या वहिनी, बसल्या होत्या. त्यांनी आपला चष्मा काढून डबीत ठेवला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या बरगड्या झाकल्या होत्या.

पैलवानाची मूठ आवळली गेली. ती उचलली असती, तर नोकरी गेली असती. ती उचलली जाऊ लागली.

"पुरे!"

सरांचा बूट अधांतरी थांबला. सर्वांनी पैलवानाकडे पाहिले. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मागच्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या होत्या.

ताई समजुतीने म्हणाल्या, "वहिनी, असं मध्येच नाही बोलायचं. ज्याला मार बसतो, त्यानेच ‘पुरे’ म्हणायचं असा नियम आहे ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "नियमानेच म्हणाले मी."