वाटून घेतलेली कळ

नववा महिना लागल्यापासून ऋजुता माहेरी रोज सकाळी सरावाची कळ घेत असे. तिच्या कमरेच्या पट्ट्याचे बटण दाबले, की सौम्य कळ उठे आणि तिचा निम्मा वाटा जोडीदाराच्या पट्ट्यात उतरे. प्रसूतीच्या खऱ्या कळाही अशाच वाटल्या जाणार होत्या.

तिचा नवरा शार्दूल कळवळत असे. पण आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहून, मग किंचित उशिरा. तिला तर कळ निम्मीच लागत होती. मग उरलेली कुठे जात होती?

आज तिने त्याला न सांगता, ओढणीआडून बटण दाबले. कळ ओटीपोटात संथपणे उमलली आणि पाठीपर्यंत पोहोचली. शार्दूल समोर बसून मोसंबे सोलत राहिला. स्वयंपाकघरात मात्र खारका कुटणाऱ्या आईचा बत्ता थांबला आणि कळ ओसरल्यावरच पुन्हा सुरू झाला.

तिने पुन्हा बटण दाबले. बत्ता पुन्हा थांबला.

“आई, तुझ्या कमरेला काय आहे?”

आई दारात आली. शार्दूलने घाईघाईने ऋजुताचा हात हातात घेतला.

“मीच म्हटलं शार्दूलरावांना, तुमचा वाटा मला द्या. मला सवय आहे गं.”

“आणि तू दिलास?” ऋजुताने त्याला विचारले.

त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला.

“त्यांना रागावू नकोस,” आई म्हणाली. “तुझ्या वेळी तुझे बाबा परगावी निघून गेले होते. हे निदान हात धरून बसतात.”

ऋजुताने आपला हात हळूच सोडवून घेतला.